उजवीकडचा व्हॉल्व्ह

सप्टेंबरात नीश शहरात गल्लीभर मिरच्या भाजतात.
त्या धुरात माझ्या सोल्डरचा धूर
कुणाला वेगळा कळला नाही.
आत्याला कळला.
"राळ जळतेय," ती दारातूनच म्हणाली,
"टोक फार तापलंय तुझं."

प्रीअ‍ॅम्प टेबलावर उताणा, पोट उघडं.
मी म्हातारे कपॅसिटर उपटत होतो,
मेणाचे, तपकिरी, घाम फुटलेले,
आणि त्यांच्या जागी नवे, पिवळे,
करंगळीएवढे,
माझ्या पगाराच्या मानाने लांबच लांब.
प्लग रात्रीच काढला होता, तरी
थोडी वीज दबा धरून होती आत.
कोपरापर्यंत झिणझिण्या.
आत्या हसली नाही.
"एक हात खिशात ठेवावा.
आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं."

आम्हाला म्हणजे व्हॉल्व्हच्या कारखान्यात.
सव्वीस वर्षं ल्युबिंका आत्या
शेवटून दुसऱ्या टेबलावर,
उजव्या कानाला हेडफोन,
हातात रबरी टोकाची काडी.
समोर तापलेला व्हॉल्व्ह. टिचकी:
एक डोक्यावर, एक कमरेवर.
गप्प राहिला तर पास.
किणकिणला तर बुडाला लाल ठिपका
आणि खाली खोक्यात.
दिवसाला नऊशे टिचक्या, मी लोकांना सांगतो.
अठराशे, ती दुरुस्त करते.
उजवा कान त्यातच गेला.
कारखाना त्यानंतर.
आता तिथे गाद्या विकतात.

जुना माल तो जुना माल, सगळे म्हणत होते,
म्हणून मी जर्मनीहून जोडी मागवली,
निळ्या खोक्यातली, कधी न पेटलेली,
साठ युरोला एक.
आत्याला दिनारात सांगितलं,
तेही निम्मे.

बटण दाबलं.
आधी जो आवाज घोंगडीआडून यायचा
तो उठून बसला.
तबकडीवरची बाई ओळीच्या आधी श्वास घेते,
हे मला एकतीस वर्षांत
पहिल्यांदा कळलं.

पण उजवीकडे काहीतरी होतं.
पेल्यात चमचा राहून गेल्यासारखं, बारीक.
मी अर्थिंग बदललं, तारा लांब केल्या,
नव्या कपॅसिटरच्या कुळाचा उद्धार केला.
रात्री दोन वाजता आत्या पाणी प्यायला उठली
आणि तिच्या पावलागणिक
स्पीकर टण्. टण्.
ती थांबली. तोही थांबला.
तिने मुद्दाम एक पाऊल टाकलं.
टण्.

"बंद कर. निवू दे. आण इकडे."
फडक्यात धरून तिने काच दिव्यापुढे नेली,
अंगठ्याने जर्मन नाव चोळलं,
ते लगेच सुटलं,
जणू वाटच बघत होतं.
बुडाशी, दोन पिनांच्या मधे,
टाचणीच्या डोक्याएवढं लाल.

"हा माझा," ती म्हणाली.
मला वाटलं, अभिमानाने.
"मी नापास केलेला."

कुणी उचलला असेल खोक्यातून,
किती सरहद्दी, किती नावं,
आणि फिरून हिच्याच स्वयंपाकघरात!
माझा गळा भरून यायला लागला होता.
म्हणालो, ठेवू या का, आठवण म्हणून?
"कसली आठवण?
किणकिणतोय.
तेव्हा नाही म्हटलं होतं मी.
मधे काय सुधारलं त्याचं?"

पार्सल तिनेच बांधलं,
वर्तमानपत्रात, मिरच्यांच्या वासासकट.
जुन्या मालाच्या नावाने मी कानाला खडा लावला,
आणि त्याच संध्याकाळी
हॉलंडमधली एक जोडी बघून ठेवली.

बदली यायला तीन आठवडे.
उजवी खोबण रिकामी,
गाते ती फक्त डावी बाजू.
मला अर्ध्या ताटावरून उठल्यासारखं होतं.
आत्याने मात्र खुर्ची ओढून घेतलीय
डाव्या स्पीकरपाशी, डावा कान पुढे करून.
"कुठे काय कमी आहे?" विचारते,
काळ्या बोटांनी मिरच्या सोलते,
आणि बिया झटकताना प्रत्येकीला
एक डोक्यावर, एक कमरेवर.